गाडी फिरते, आपण फिरतो का?

‘घर भाड्याने दिलं, गाडीतच संसार मांडला आणि अख्खा हिवाळा वाळवंटात काढला.’ अमेरिकेतल्या एखाद्या निवृत्त जोडप्याची अशी हकीकत सांगितली, की आपल्याकडे ऐकणारा आधी पैशांचं विचारतो. मग हळूच खरा प्रश्न येतो: ‘पण तिथे दिवसभर करतात काय? शेजार नाही, बाग नाही, भाजी आणायला जावं तर मंडई नाही. गाडीत बसून बसून गुडघे धरत नाहीत का?’

प्रश्न रास्त आहे. गाडीत बसून राहिलं तर गुडघे धरतातच. पण तिथे सत्तरीतही ताठ चालणारी माणसं दिसतात. त्यांचा दिवस जवळून पाहिला की लक्षात येतं, त्यांची गाडी आठवडेच्या आठवडे एका जागी उभी असते आणि हिंडत असतात ते स्वतः. हे कसं जमतं, ते क्रमाने पाहू. आधी जागा, मग हवा, मग गाडी आणि त्यानंतर शरीर.

१. हिवाळी पाहुण्यांचं गाव

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात थंडी सुरू झाली की पायवाटांवर बर्फ गोठतं. घसरून पडलं तर खुब्याचं हाड मोडायची भीती, म्हणून वयस्कर माणसांचं बाहेर चालणंच बंद होतं. त्यामुळे अनेक निवृत्त मंडळी हिवाळ्यापुरती दक्षिणेला सरकतात. थंडीत येणाऱ्या आणि उन्हाळ्यापूर्वी परतणाऱ्या पाखरांसारखी ही ये-जा असते, म्हणून त्यांना तिथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

त्यांचं एक मोठं ठाणं म्हणजे ॲरिझोना राज्यातलं क्वार्टझसाइट. कोलोरॅडो नदीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, सोनोरन वाळवंटातलं हे गाव. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या जेमतेम अडीच हजार होती. जानेवारीत मात्र गावाबाहेरच्या माळावर नजर जाईल तिथवर पांढऱ्या गाड्या उभ्या असतात. यात्रेच्या वेळी एखाद्या छोट्या गावाचं जे होतं, तेच इथे दर हिवाळ्यात होतं.

हा माळ सरकारी आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय खात्याकडे देशभरातली सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. महाराष्ट्राच्या तिपटीहून ही जमीन जास्त भरते. यातल्या बऱ्याच मोकळ्या जमिनीवर कुणालाही फुकट तळ टाकता येतो, पण साधारणपणे एका जागी १४ दिवसच. मग बस्तान हलवावं लागतं. ज्यांना हिवाळाभर राहायचं आहे त्यांच्यासाठी या खात्याने १९८३ मध्ये दीर्घ मुक्कामाच्या जागा ठरवून दिल्या. क्वार्टझसाइटजवळचं ‘ला पोसा’ हे त्यातलं एक क्षेत्र. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगाम असतो. सात महिन्यांच्या या परवान्याचं शुल्क कित्येक वर्षं १८० डॉलर राहिलं. त्या पैशात पाण्याचा नळ, मैला रिता करण्याची जागा आणि कचऱ्याची सोय मिळते. वीज आणि सावली ज्याची त्याने पाहायची.

गावाचा मानबिंदूही पाहुण्याचाच आहे. १८५६ मध्ये अमेरिकी लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले. त्यांच्यासोबत सीरियाकडचा हाजी अली नावाचा उंटवाला आला. स्थानिकांच्या तोंडी त्याचं नाव ‘हाय जॉली’ झालं. १९०२ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या थडग्यावर दगडांचा छोटा पिरॅमिड आहे आणि टोकाला धातूचा उंट.

एक गोष्ट मात्र आधीच नोंदवायला हवी. इथले सगळेच हौसेने आलेले नसतात. घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीत राहणारे आणि साठीनंतरही हंगामी मजुरी करणारे लोक इथे आहेत. जेसिका ब्रुडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकात त्यांचं जगणं आलं आहे. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. हे प्रकरण हौसेच्या प्रवाशांबद्दल असलं, तरी पुढचा शरीराचा हिशोब दोघांनाही सारखाच लागू आहे.

२. माठ गार का राहतो?

वाळवंट म्हटलं की आपल्याला भाजणारं ऊन आठवतं. जुलैत क्वार्टझसाइटचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. जानेवारीत मात्र दुपारी साधारण २० अंश आणि पहाटे पाच-सहा अंश. चालायला याहून चांगली हवा कुठली? वर्षभराचा पाऊस १०० ते १२५ मिलिमीटर. आपल्या कोकणात जुलैतल्या एखाद्या दिवशीच तेवढा पडून जातो.

पण ही हवा कमालीची कोरडी असते आणि सगळी गोम तिथेच आहे. आपल्या घरातला माठ आठवा. त्याच्या अंगातून पाणी झिरपतं, हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितका माठ गार. म्हणून विदर्भातल्या मे महिन्यात माठ छान चालतो आणि मुंबईच्या जुलैत नुसता ओला राहतो.

आपलं शरीर हाही एक माठच आहे. एक लिटर घाम उडून जाताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. मुंबईत घाम टपटपतो, सदरा पाठीला चिकटतो, म्हणून आपल्याला तो कळतो. वाळवंटात तो कातडीवर येताक्षणी उडतो. अंग कोरडं राहतं, त्यामुळे ‘मला घाम आलाच नाही’ असं वाटतं. दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात, त्याच वेगाने आपणही वाळत असतो.

त्यात वयाची भर पडते. उतारवयात तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी हवं असतं, पण घशाकडून निरोप उशिरा येतो. म्हणून वाळवंटी उद्यानांतले रक्षक पाण्याचा ठोकताळा सांगतात: माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर पाणी सोबत ठेवा. हे पाणी एका दमात ढोसायचं नसतं, घोटाघोटाने प्यायचं असतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर किती प्यायचं हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

३. दोन माणसं, दीडशे लिटर पाणी

आता गाडी पाहू. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं एका खोलीचं बिऱ्हाड. काही गाड्यांना स्वतःचं इंजिन असतं, काही मोटारीमागे जोडून ओढायच्या असतात. आतली सोय सगळीकडे साधारण सारखी: झोपायची फळी, दोन शेगड्या, छोटा फ्रीज, संडास. आणि पोटाखाली तीन टाक्या. पहिलीत स्वच्छ पाणी, दुसरीत मोरीचं सांडपाणी, तिसरीत मैला.

समजा, स्वच्छ पाण्याची टाकी १५० लिटरची आहे आणि राहणारे दोघे. हिवाळ्यातला एका दिवसाचा खर्च असा धरू: प्यायला ८ लिटर, स्वयंपाक-चहाला ३, भांड्यांना ६, हातपाय-तोंड धुवायला ३, संडासाला ४ आणि आंघोळीला दोघांत मिळून ६. बेरीज ३० लिटर. म्हणजे टाकी पाच दिवस पुरेल. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे दोघांचे २७०. इथे तेच दोघे ३० लिटरमध्ये भागवतात.

हा हिशोब व्यायामाच्या प्रकरणात कशाला? कारण घरात नळाच्या तोटीमागे लपलेली कामं इथे माणसाच्या अंगावर येतात. दर चार-पाच दिवसांनी सांडपाण्याच्या टाक्या रित्या करायच्या आणि पाणी आणायचं. छपरावरच्या सौर पाट्यांवरची धूळ पुसायची. गाडी तिरकी उभी असेल तर चाकाखाली फळ्या सरकवायच्या. वारा सुटला की कनात गुंडाळायची.

पाणी आणण्याची एक रीत जवळून पाहण्यासारखी आहे. २० लिटरचा एकच कॅन एका हातात धरला, तर २० किलोंचं वजन कंबर एका बाजूला ओढतं. अनुभवी माणूस दहा-दहा लिटरचे दोन कॅन घेतो, एकेका हातात एकेक. खाली वाकताना पाठ वाकवत नाही, गुडघे वाकवतो. कॅन उचलतो, खांदे मागे घेतो आणि आखूड पावलं टाकत निघतो. कावड वाहणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. व्यायामशाळेत याच प्रकारासाठी पैसे घेतात आणि वजनं घेऊन चालायला लावतात. ज्याला दहा किलो जड जातील, त्याने पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन दोन फेऱ्या कराव्यात.

४. स्नायूंचं बचत खातं

हे सगळं करायचं कशासाठी, ते समजायला एक खातं डोळ्यांपुढे आणा. तरुणपणी स्नायूंच्या खात्यात चांगली शिल्लक असते. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण तीन ते आठ टक्के स्नायू आपोआप कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. हे बँकेने कापलेलं शुल्क समजा. भरणा केला नाही तर शिल्लक घटणारच. भरणा म्हणजे स्नायूंना वजन उचलायला, ढकलायला, चढायला लावणं. हे खातं कुठल्याही वयात पुन्हा भरता येतं, सत्तरीतसुद्धा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठता येतं का, हे त्याचं पासबुक.

या खात्याला सर्वांत मोठं भगदाड पाडते ती लांबची गाडी. मिनेसोटाहून क्वार्टझसाइटला यायचं तर सुमारे २८०० किलोमीटर. रोज ४०० धरले तर सात दिवस. रोज पाच-सहा तास चाकामागे. प्रवास झाला म्हणून आपण दमतो, पण पाय हललेलेच नसतात.

इथे पोटरीचं काम समजून घ्यायला हवं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायला पोटरीचे स्नायू पंपासारखे दाब देतात. गावातल्या बोअरवेलचा हातपंप आठवा. दांडा हलला तरच पाणी वर येतं. तासन्‌तास बसलं की दांडा थांबतो, पाय सुजतात आणि क्वचित शिरेत रक्ताची गुठळी होते. म्हणून दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटं चालायचं. सोबतच्या माणसाने बसल्या जागी टाचा वरखाली करत राहायचं. गाडीच्या मीटरवर चढलेल्या किलोमीटरमधला एकही आपल्या खात्यात जमा होत नाही.

५. आठवड्याची जमाखर्चाची वही

मग करायचं तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी तीन ओळींत सांगता येतात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल. किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काम. आणि ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव.

‘मध्यम श्रम’ म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना सोबत्याशी बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, तर श्रम मध्यम. गाणंही म्हणता आलं तर वेग वाढवा. बोलतानाच धाप लागली तर कमी करा.

आता उदाहरण घेऊ. ६८ वर्षांचे एक गृहस्थ १५ नोव्हेंबरला इथे पोहोचले. घरी असताना ते आठवड्याला जेमतेम ६० मिनिटं चालायचे. पहिल्याच दिवशी उत्साहाने डोंगर चढले तर दुसऱ्या दिवशी अंथरुणात. त्याऐवजी दर आठवड्याला दहाच मिनिटं वाढवायची. ६० वरून १५० ला पोहोचायला ९० मिनिटं हवीत, म्हणजे नऊ आठवडे. आपल्याकडे संक्रांत उलटून जाईल, तोवर त्यांचं गणित जुळलेलं असेल.

तेव्हाचा त्यांचा आठवडा असा दिसेल. सकाळी नऊच्या उन्हात २५ मिनिटं चालणं, आठवड्यातून चार दिवस: १०० मिनिटं. एक दिवस जवळच्या कोफा अभयारण्यातल्या पाम कॅन्यनची चढण, जाऊन-येऊन तासभर: ६० मिनिटं. एकूण १६०. पाणी वाहण्याचे दोन दिवस ताकदीच्या रकान्यात. तोलासाठी तीन दिवस, चहाला आधण येईपर्यंत गाडीच्या दाराला एक हात लावून आळीपाळीने एकेका पायावर उभं राहणं. शनिवारी संध्याकाळी नाच असेल तर ती वरकड कमाई.

६. पाय टाकण्यापूर्वी

वाळवंट वाईट नाही, पण त्याचे नियम आहेत. थोडक्यात सांगतो.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात तळ टाकू नये. तिथली वाळू सपाट आणि मऊ असते, म्हणून मोह होतो. पण पाऊस दूर डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो, डोक्यावर आभाळ निळं असताना.

चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे नुसत्या स्पर्शाने अंगाला चिकटतात. हाताने ओढू नये, मग हातही अडकतो. खिशात जाड दातांचा कंगवा ठेवावा, त्याने गोळा उचकटून दूर फेकावा.

बाहेर काढलेले बूट घालण्यापूर्वी उपडे करून झटकावेत. आत विंचू असू शकतो. तो रात्री अतिनील विजेरीच्या उजेडात हिरवट चमकतो. काही मंडळी खास तो पाहायला रात्री फेरफटका मारतात.

रात्री थंडी वाजते म्हणून बंद गाडीत गॅसची शेगडी पेटवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याची सूचना देणारं यंत्र गाडीत हवंच आणि एक फट उघडी हवी.

शेवटचा धोका कमी लोकांना ठाऊक असतो. इथल्या मातीत एक बुरशी असते. तिचे कण धुळीतून फुप्फुसात गेले तर ‘व्हॅली फीव्हर’ नावाचा आजार होतो. वयस्करांना त्याचा धोका अधिक. धुळीचं वादळ आलं तर आत बसावं. घरी परतल्यावर खोकला, ताप आणि थकवा आठवडेच्या आठवडे गेला नाही, तर ‘मी ॲरिझोनात होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार येईलच असं नाही.

७. चालायला कारण हवं

‘व्यायाम म्हणून चाला’ हे सांगणं सोपं, पण नुसतं चालणं चार दिवसांत कंटाळवाणं होतं. इथली माणसं टिकतात ती काहीतरी शोधत चालतात म्हणून. क्वार्टझसाइटच्या आसपास गारगोटी आणि अकीक सापडतो. दगडवेडे लोक मान खाली घालून तासन्‌तास हिंडतात, दर दहा पावलांवर वाकतात, उठतात, दगड ओला करून उन्हात धरतात. तासाभरात शंभर उठाबशा झाल्याचं त्यांच्या गावीही नसतं. सरकारी जमिनीवरून हौसेपुरते दगड नेता येतात, पण मर्यादेत. अश्मीभूत लाकूड, म्हणजे लाखो वर्षांत दगड झालेलं झाड, दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला २५० पौंड. आणलेले दगड घासून चकाकवायचे आणि हिवाळी खनिज बाजारात मांडायचे. खनिजांच्या या दुनियेत आपलीही हजेरी आहे. पुणे, नाशिक, जळगावकडच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांतले ॲपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात.

ज्यांना दगडांत रस नाही त्यांना काम मिळतं. सरकारी तळांवर स्वयंसेवक यजमान लागतात. आलेल्यांना जागा दाखवायची, शेकोटीच्या जागा साफ करायच्या, नकाशे द्यायचे. मोबदल्यात बहुधा गाडी लावायची जागा फुकट मिळते. सकाळी कुणीतरी आपली वाट पाहतंय, ही भावना निवृत्त माणसाला फार मोलाची असते. काही जण युमामार्गे मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जातात, गाडी अलीकडे ठेवतात आणि चालत पलीकडच्या लॉस अल्गोडोनेस गावात जाऊन दात करून येतात, कारण अमेरिकेत दातांचा खर्च परवडत नाही. अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या ६२ वर्षांवरच्यांना राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन पास मिळतो. २०१७ पासून तो ८० डॉलरला आहे. तिकडे मुलांकडे स्थायिक झालेल्या आपल्या आई-वडिलांनी तो जरूर काढावा. पाहुणे म्हणून गेलेल्यांना मात्र तो मिळत नाही.

आणि या वाळवंटात चालणाऱ्यांना वाटेत भेटतो तो सग्वारो नावाचा उंच निवडुंग. त्याच्या अंगावर पेटीच्या भात्यासारख्या चुण्या असतात. पाऊस पडला की भाता फुगतो, पाणी साठतं. कोरड्या दिवसांत तो हळूहळू मिटतो. बी रुजल्यावर पहिला फाटा फुटायला त्याला बहुधा पन्नास ते सत्तर वर्षं लागतात. त्यानंतरही तो आणखी शंभर वर्षं उभा राहू शकतो.

८. आणि आपण?

आपल्यापैकी फार थोडे लोक कॅम्पर घेऊन ॲरिझोनात जातील. पण या मंडळींकडून घेण्यासारखं जे आहे, त्याला वाळवंट लागत नाही. त्यांना निरोगी ठेवतं ते नळाविना आणावं लागणारं पाणी, चालायला मिळालेलं कारण आणि सकाळी वाट पाहणारं माणूस. आपल्या घरांतून सोयींनी पहिलं काढून घेतलं, निवृत्तीने उरलेली दोन. ती आपण परत आणू शकतो. लिफ्ट एक मजला आधी सोडा, भाजीची पिशवी दोन हातांत वाटून घ्या, शेजारच्या काकांना सकाळी हाक मारून सोबत न्या.

आणि एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा आणि पेपरवाल्याच्या खाड्यांचा हिशोब लिहितोच. त्याच चौकोनात रोज चाललेली मिनिटंही लिहा. रविवारी बेरीज करा. १५० च्या आत आली, तर पुढच्या आठवड्यात दहा वाढवा.